विजेच्या गिटारीचा सूर

विजेची गिटार स्वतः जवळजवळ मुकीच असते. तिच्या पोलादी तारा कंप पावल्या, कीं चुंबकाभोंवतींच्या वेटोळ्यांत क्षीण विद्युत्प्रवाह उत्पन्न होतो. त्याचा नाद होतो तो पुढें, ध्वनिवर्धकांत. माझ्या नातवाला तोच निवडावयाचा होता, आणि पैसे माझ्या निवृत्तिवेतनांतले! व्हॉल्व्हचा घ्यावा, कीं डिजिटल?

व्हॉल्व्हवर भार अधिक झाला, कीं लहरींचीं टोकें हळुवार दबतात; या विकृतीलाच वादक गोडवा म्हणतात. १९६४ सालच्या ध्वनिमुद्रिकेसाठीं लंडनच्या डेव्ह डेव्हिसनें तर कर्ण्याचा कागद दाढीच्या पात्यानें चिरला होता. माझ्या विद्यार्थ्यानें असें केलें असतें, तर मीं छडीच उगारली असती! डिजिटल यंत्र लहर सेकंदास ४४,१०० वा अधिक वेळां मोजतें आणि तेंच दबणें गणितानें साधतें.

परंतु व्हॉल्व्हचा गोडवा आवाज चढविल्यावांचून पुरता येत नाहीं, आणि आमच्या भिंतीपलीकडे एक वृद्ध गृहस्थ अंथरुणास खिळले आहेत. म्हणून डिजिटल यंत्र व हेडफोन घेतले. दुकानांत डोळे मिटून मीं दोन्ही ऐकलीं होतीं; मला भेद सांगतां आला नाहीं. नातू म्हणतो, तो बोटांना कळतो. तें मला खोडतां येईना. उरलेले पैसे निराळे ठेवले आहेत.