अर्जित रजा
(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत केलेले भाषण)



माझ्या आधीच्या वक्त्यांनी मंडळाच्या पन्नास वर्षांचा इतिहास सांगितला. माझा विषय त्या मानाने फारच घरगुती आहे. आम्ही उभयता एका लहानशा बेटावर चार दिवस विश्रांतीसाठी गेलो होतो, त्याची ही हकिकत. विश्रांतीवर काय भाषण करायचे, असे आपणांस वाटेल. मलाही वाटले होते. परंतु कारखान्यात चौतीस वर्षे तिन्ही पाळ्यांत काढलेल्या माणसाला विश्रांती हा विषय अवघडच जातो.

माझ्या रजेचा हिशेब सांगतो. दोन बहिणींची लग्ने, वडिलांचे आजारपण, मग त्यांचे दिवस, धाकट्याची मुंज, वाड्याची कौले, शेताची वाटणी! रजा मंजूर झाली की दुर्गला गाडीत बसायचे, नागपूरला उतरायचे आणि तिथून वर्धेकडचे आमचे गाव गाठायचे. भिलाईत माझ्यासारखी शेकडो मराठी कुटुंबे आहेत. १९५५ च्या करारानंतर रशियाच्या साहाय्याने हा कारखाना उभा राहू लागला, ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले, आणि तेव्हापासून आपली माणसे इकडे येत राहिली. त्यांतील बहुतेकांची अर्जित रजा गावानेच खाल्ली. त्याबद्दल तक्रार नाही. गावाचे देणे होते, ते दिले.

निवृत्तीला चार महिने उरले असताना मुलीने पुण्याहून परस्पर तिकिटे काढून पाठविली. अंदमानातील नील बेट! २०१८ पासून त्याचे नाव शहीद द्वीप. सौभाग्यवतीचा पहिलाच प्रश्न होता, “अहो, तिथे आपले कोण आहे?” मी म्हणालो, “कोणी नाही.” ती म्हणाली, “मग जायचे कशाला?” या प्रश्नाला माझ्यापाशी उत्तर नव्हते. तरी तिने दशम्या केल्या, मेतकूट बांधले आणि आम्ही निघालो.

कलकत्त्याहून विमानाने पोर्ट ब्लेअर, ज्याला २०२४ पासून श्रीविजयपुरम म्हणतात, आणि तेथून बोटीने सुमारे दोन तासांवर हे बेट. ते इतके लहान की या टोकाहून त्या टोकाला पायी जाता येते. गावांची नावे सीतापूर, भरतपूर, लक्ष्मणपूर. पहिल्या दिवशी मी सवयीने पहाटेच जागा झालो, तर बाहेर उजाडलेले. घड्याळ बिघडले असे वाटले, पण ते बरोबर होते. आपल्या प्रमाणवेळेचे रेखावृत्त साडेब्याऐंशी अंशांचे, आणि भिलाई त्याच्या अगदी शेजारी. म्हणून आपला सूर्य आणि आपले घड्याळ जवळजवळ जुळते. नील बेट मात्र त्र्याण्णव अंशांवर. प्रत्येक अंशाला चार मिनिटे धरली तर तिथला सूर्य घड्याळाच्या बेचाळीस मिनिटे पुढे धावतो. सायंकाळी साडेपाचच्या सुमारास तो लक्ष्मणपूरच्या किनाऱ्यावर बुडालासुद्धा!

ओहोटी लागली की तिथे खडकाची एक नैसर्गिक कमान उघडी पडते. पायांशी साचलेल्या पाण्यात जिवंत प्रवाळ दिसते. त्यावर पाय देऊ नये, असे वाटाड्याने बजावले होते. सौ. आपली साडी सावरून इतकी जपून चालत होती, जणू नुकत्याच सारवलेल्या अंगणातून चालते आहे.

हे बेट भाजीपाल्यासाठी प्रसिद्ध आहे. भाजीच्या वाफ्यांपाशी एक वृद्ध बंगाली बाई भेटली. १९६० च्या दशकात पूर्व पाकिस्तानातून आलेल्या निर्वासितांना येथे वसविण्यात आले, त्यांच्यापैकी ती. ती बंगालीत बोलत होती, सौ. भिलाईच्या हिंदीत. तरी दोघींचे छान जमले. सौ.ने विचारले, “तुमचे गाव कोणते?” म्हातारीने पायाखालच्या मातीकडे बोट दाखविले. पहिले गाव दुसऱ्या देशात राहिले, आता हेच.

त्या संध्याकाळी आम्ही वाळूत बसलो होतो. करण्यासारखे काहीच नव्हते, आणि म्हणूनच कदाचित सौ. बोलली. “गावच्या वाड्यामागे दोन खोल्या बांधायचे तुम्ही ठरवले आहे. मला एकदा तरी विचारलेत का?” मी म्हणालो, “अगं, आपले गाव आहे ते.” ती म्हणाली, “तुमचे आहे. मी तिथे दरवेळी पाहुणी म्हणून गेले आणि चुलीपाशी राबून आले. माझी माणसे भिलाईत आहेत. बाळंतपणात धावून आलेल्या, हळदीकुंकवाच्या, मंडळाच्या बायका. त्यांना सोडून मी म्हातारपणी कुठे जाऊ?”

बंधुभगिनींनो, चौतीस वर्षांत आम्ही गावी अनेकदा गेलो, पण दोघेच असे कुठे बसलोच नव्हतो. बसलो असतो तर हे मला पूर्वीच कळले असते.

परतताना सेल्युलर जेल पाहिले. सात पाख्यांपैकी तीन आता शिल्लक आहेत. मराठी माणूस तिथे गेला की सावरकर बंधू आठवतात. मला मात्र त्या दिवशी दोन सुना आठवल्या. बाबारावांच्या पत्नी येसूवहिनी भेटीची वाट पाहत १९१९ मध्ये गेल्या. त्याच वर्षी धाकटे नारायणराव माईंना घेऊन अंदमानात आले, तेव्हा दोन्ही भावांची भेट झाली. पण बाबारावांसाठी येणारे माणूस उरले नव्हते. त्या त्यागाशी आमच्या सहलीची तुलना करण्याचा उद्धटपणा मी करणार नाही. एवढेच म्हणेन की, ज्या बेटावर पतीला पाहण्यासाठी एक स्त्री झुरली, त्याच समुद्राकाठी मला माझ्या पत्नीशेजारी चार दिवस बसायला मिळाले, आणि ते क्षुल्लक मानण्याचा मला अधिकार नाही.

गावच्या खोल्या बांधल्या नाहीत. कारखान्याचे क्वार्टर सोडले आणि इथेच, मंडळापासून हाकेच्या अंतरावर, घर घेतले. गावी जातो, चार दिवस राहतो आणि भिलाईला घरी परततो. ‘घरी’ हा शब्द मी आता जाणूनबुजून वापरतो.

सभागृहातील तरुणांना माझी एकच विनंती आहे. निवृत्तीची वाट पाहू नका. अंदमान दूर वाटत असेल तर आपल्याच शिवनाथ नदीत मदकू द्वीप आहे. शिदोरी घेऊन दोघे जाऊन या. मात्र तिथे पोहोचल्यावर बोलण्याचे काम सौभाग्यवतींकडे सोपवा आणि ऐकण्याचे आपल्याकडे ठेवा.

समोरच्या रांगेतून मला घड्याळ दाखविले जात आहे. ते भिलाईचे असल्यामुळे बरोबरच असणार. तेव्हा आपली रजा घेतो.