ओझरचं विमान आणि परक्याचं इंजिन



महासत्तांची स्पर्धा आणि भारताची सुरक्षा हा विषय निघाला की वॉशिंग्टन, बीजिंग आणि मॉस्कोचीच चर्चा होते. मी आज नाशिकपासून वीसेक किलोमीटरवरच्या ओझरबद्दल बोलणार आहे. महासत्तांच्या चढाओढीत आपल्याला कधी वाट मिळाली आणि कधी आपले हात बांधले गेले, हे त्या एका विमान कारखान्याच्या इतिहासात जितकं स्पष्ट दिसतं तितकं कुठल्याही संयुक्त निवेदनात दिसत नाही.

साठच्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेनं पाकिस्तानला एफ-104 स्टारफायटर ही ध्वनीच्या दुप्पट वेगाची विमानं दिली. पाकिस्तान अमेरिकेच्या लष्करी करारांत होता, आपण नव्हतो. तोडीस तोड विमान हवं म्हणून भारतानं ऑगस्ट 1962 मध्ये सोव्हिएत युनियनशी मिग-21चा करार केला. तो होऊ नये म्हणून अमेरिका आणि ब्रिटननं बरीच खटपट केली होती. दोनच महिन्यांत चीननं आक्रमण केलं. क्यूबाच्या पेचात अडकलेल्या मॉस्कोनं नेमक्या त्याच दिवसांत चीनला झुकतं माप दिलं आणि नेहरूंना नोव्हेंबरात केनेडींकडे लढाऊ विमानांची मदत मागावी लागली. ज्यांचं विमान घ्यायचं ठरवलं ते चीनकडे झुकलेले, आणि ज्यांचा सल्ला डावलला त्यांच्या दारात उभं राहायची वेळ! तटस्थ राष्ट्राची याहून कठीण परीक्षा कोणती असणार?

त्या पडझडीत यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री झाले आणि 1963 मध्ये याच नाशिकनं त्यांना लोकसभेवर बिनविरोध पाठवलं. त्यांच्या दिल्लीतल्या कामाबद्दल आपण भावनेनं बोलतो. मला त्यातली शिस्त जास्त मोलाची वाटते. मे 1964 मध्ये ते अमेरिकेला गेले. तिथं कर्जाची तयारी दिसली, पण हवं ते एफ-104 मिळालं नाही. नेहरूंच्या निधनाची बातमी त्यांना त्याच दौऱ्यात कळली. पुढं काही महिन्यांत ते मॉस्कोला गेले आणि मिगच्या कारखान्यांचा मार्ग पक्का करून आले. विमानाचा सांगाडा ओझरला, इंजिन ओडिशात कोरापुटला, इलेक्ट्रॉनिक उपकरणं हैदराबादला अशी विभागणी झाली. कुठल्याही एका गटाच्या प्रेमात न पडता जो देईल त्याच्याकडून घ्यायचं, आणि घेताना नुसती विमानं न घेता कारखाना मागायचा, ही त्यांची रीत होती. सप्टेंबर 1965 मध्ये युद्ध पेटताच अमेरिकेनं भारत आणि पाकिस्तान दोघांचाही शस्त्रपुरवठा थांबवला, तेव्हा त्या रीतीचं शहाणपण दिसून आलं.

इथवरची गोष्ट अभिमानाची आहे. मात्र तिच्याच पोटात एक मोठं अपयश आहे, आणि त्याच्यावर मला जरा जास्त वेळ बोलायचं आहे.

मिग येण्याआधीच भारतात एक जेट लढाऊ विमान तयार झालं होतं. त्याचं नाव मरुत. जर्मन अभियंते कुर्ट टँक यांच्या मार्गदर्शनाखाली बंगळूरला त्याचा आराखडा झाला आणि जून 1961 मध्ये ते पहिल्यांदा उडालं. विमान देखणं होतं, सांगाडा उत्तम होता. इंजिन मात्र दुबळं होतं. ज्या जास्त ताकदीच्या ब्रिटिश इंजिनासाठी मरुत आखलं होतं, ते पूर्ण विकसित करायचं तर खर्च आपण उचलायला हवा होता. तो आपण नाकारला. मग इजिप्तमध्ये तयार होणाऱ्या एका इंजिनाची आशा धरली. चाचणीसाठी मरुतचा एक सांगाडा तिकडे पाठवलासुद्धा. 1967च्या अरब-इस्रायल युद्धानंतर ती आशाही संपली. मरुत 1971 मध्ये राजस्थानच्या आघाडीवर लढलं, वैमानिकांनी त्याची तारीफ केली, पण ध्वनीचा वेग ओलांडायची त्याची क्षमता कधी प्रत्यक्षात आली नाही. एकूण 147 विमानं बनली आणि ऐंशीच्या दशकात ती निवृत्त झाली.

मिगनं तातडीची गरज भागवली हे खरं. पण त्याच सोयीमुळे मरुतच्या इंजिनासाठी झगडायची निकड उरली नाही, हेही तितकंच खरं. ओझरच्या कामगारांनी मिग उत्तम बनवलं, पुढं सुखोई-30 बनवलं. त्यांच्या हातात कसब होतं. आराखड्याची मालकी मात्र परदेशात राहिली. दुसऱ्याच्या नकाशावर घर बांधणारा गवंडी कितीही निष्णात असला तरी भिंत कुठं सरकवता येईल हे तो स्वतः ठरवू शकत नाही. तशीच आपली अवस्था झाली, आणि हा दोष कामगारांचा नव्हे, धोरणाचा आहे.

या परावलंबनाची किंमत आपण हप्त्याहप्त्यानं भरली. सोव्हिएत युनियन कोसळलं आणि सुटे भाग मिळवताना हवाई दलाची दमछाक झाली. रशियाकडून क्रायोजेनिक इंजिनाचं तंत्रज्ञान घ्यायचं ठरलं होतं; अमेरिकेच्या निर्बंधांपुढं 1993 मध्ये रशियानं माघार घेतली, इंजिनं दिली आणि तंत्रज्ञान अडवलं. इस्रोनं ते स्वतः घडवलं आणि जानेवारी 2014 मध्ये स्वदेशी क्रायोजेनिक इंजिनावर जीएसएलव्ही रॉकेटचं पहिलं यशस्वी उड्डाण झालं. वीस वर्षं लागली, पण आज त्या बाबतीत आपल्याला कुणी अडवू शकत नाही. 1998च्या अणुचाचण्यांनंतर स्वदेशी तेजस विमानाच्या कामासाठी अमेरिकेत असलेल्या आपल्या अभियंत्यांना परत यावं लागलं. 2022 मध्ये रशिया युक्रेनच्या युद्धात गुंतला आणि 2018 मध्ये करार केलेल्या पाच एस-400 हवाई संरक्षण प्रणालींपैकी शेवटच्या दोन लांबणीवर पडल्या. 2025 मध्ये चीननं दुर्मीळ खनिजांच्या चुंबकांवर निर्यात नियंत्रण आणलं आणि त्याची झळ थेट पुण्या-चाकणच्या वाहन उद्योगाला बसली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये रशियन तेल घेतो म्हणून अमेरिकेनं आपल्या मालावर 25 टक्के जादा शुल्क लादलं.

काही जाणकार म्हणतात, आता एक बाजू पकडा, चीन शेजारी आहे, अमेरिकेच्या गोटात जा. चीनचा धोका मी कमी लेखत नाही. जून 2020 मध्ये गलवानला आपले वीस जवान गेले. पण तुर्कस्तानकडे बघा. हा देश 1952 पासून नाटोचा सदस्य, एफ-35 विमानाचे भाग बनवणारा भागीदार. त्यानं रशियाची एस-400 घेतली आणि 2019 मध्ये अमेरिकेनं त्याला त्या प्रकल्पातून बाहेर काढलं. गोटात असण्यानं पुरवठ्याची हमी मिळत नाही. उलट गोटातला ग्राहक जास्त गृहीत धरला जातो.

पुरवठादार वाढवणं आपल्याला जमलं आहे. स्टॉकहोमच्या सिप्री संस्थेच्या आकडेवारीनुसार भारताच्या शस्त्रआयातीत रशियाचा वाटा 2010 ते 2014 या काळात 72 टक्के होता, तो 2020 ते 2024 मध्ये 36 टक्क्यांवर आला. खरेदीचा कल फ्रान्स, इस्रायल, अमेरिका यांच्याकडे वळला. हे चांगलंच झालं. तरीही चार दुकानांतून उधार आणलं म्हणजे उधारी संपत नाही.

सप्टेंबर 2025 मध्ये हवाई दलानं मिग-21 निवृत्त केलं आणि पुढच्याच महिन्यात ओझरला बनलेलं पहिलं तेजस मार्क-1ए उडालं. त्या दिवशी नाशिकला झालेला आनंद रास्त होता. या विमानाचा आराखडा आपला आहे आणि ही मरुतनंतरची मोठी मजल आहे. इंजिन मात्र अमेरिकन जीई कंपनीचं आहे. ती इंजिनं उशिरा आली म्हणून विमानं रखडली. आपल्या कावेरी इंजिनाचा प्रकल्प 1989 मध्ये मंजूर झाला आणि 2008 मध्ये तो तेजसपासून वेगळा करावा लागला. त्यात जे शास्त्रज्ञ राबले त्यांना नावं ठेवायला मी धजणार नाही. जेट इंजिनाच्या पात्यांना धातूच्या वितळणबिंदूहून अधिक तापलेल्या वायूत फिरावं लागतं. तसा धातू ओतणं, तो हजारो तास तपासणं ही दशकांची साधना आहे. जगात हे यशस्वीपणे करणारे देश हाताच्या बोटांवर मोजण्याइतके आहेत, आणि त्यांतला एकही ते स्वस्तात शिकवणार नाही. आपण संशोधनावर राष्ट्रीय उत्पन्नाच्या सुमारे 0.64 टक्के खर्च करतो, चीन अडीच टक्क्यांच्या आसपास. एवढ्या तफावतीत इंजिन मागं राहिलं तर नवल नाही.

आता पुढच्या पिढीच्या विमानासाठी फ्रान्सच्या साफ्रान कंपनीबरोबर इंजिन विकसित करायचं चाललं आहे. त्यात आराखड्याची मालकी आपल्याकडे राहते का, की पुन्हा परवान्यावरचं उत्पादनच पदरी पडतं, हा माझ्या मते येत्या दशकातला आपल्या परराष्ट्र धोरणाचा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आहे. सरकारं बदलतील, पण मरुतच्या वेळी आखडता घेतलेला हात या वेळी कुणी आखडता घेऊ नये.

नाशिकनं एकेकाळी देशाच्या संरक्षणमंत्र्याला बिनविरोध निवडून दिलं. म्हणून माझी तुम्हाला विनंती आहे: पुढच्या निवडणुकीत मत मागायला जो कुणी येईल, त्याला रस्त्यांबरोबर हेही विचारा, की इंजिनाच्या संशोधनासाठी पुढची वीस वर्षं पैसा कमी पडू नये म्हणून तो संसदेत काय करणार आहे.