परवडणारं पिस्तूल कोणाला परवडतं?

(अमरावती आणि अकोला जिल्ह्यांतल्या महिला गटांच्या कार्यकर्त्यांसमोर केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



स्त्रियांच्या स्वसंरक्षणावर आपण पुष्कळ बोलतो. कराटेचे वर्ग घेतो, पर्समध्ये मिरचीची पूड ठेवायला सांगतो, हेल्पलाईनचे नंबर भिंतीवर लिहितो. एका गोष्टीविषयी मात्र बोलायचं टाळतो. ती म्हणजे बंदूक. अहिंसेवर आपला विश्वास आहे म्हणून टाळतो, आणि तो पुरुषांचा प्रांत आहे असं आपल्याही मनात कुठेतरी बसलेलं आहे म्हणूनही टाळतो. पण बाया विचारायच्या थांबत नाहीत. अकोट तालुक्यातल्या एका बैठकीत नवरा गेलेली, भाऊबंदांशी वावरावरून वाद चालू असलेली, रात्री एकटी जागलीला जाणारी एक बाई मला म्हणाली, "ताई, मले पिस्तुलाचा परवाना भेटन काय? अन् भेटला तर केवढ्याले पडन?"

तिचे दोन्ही प्रश्न सरळ आहेत. त्यांची उत्तरं आधी सरळच देऊ. नंतर माझ्या मनातला तिसरा प्रश्न मांडते.

पहिला प्रश्न कायद्याचा. या देशात शस्त्राला परवाना लागतो तो इंग्रजांमुळे. १८५७ च्या उठावानंतर सरकारला लोकांच्या हातातल्या शस्त्रांची धास्ती बसली. १८७८ साली लॉर्ड लिटनच्या काळात शस्त्रांचा कायदा झाला. युरोपियनांना त्यातून सूट होती, हिंदी माणसाला नव्हती. हा अपमान लोकांना इतका झोंबला की १९३१ च्या कराची काँग्रेसने मूलभूत हक्कांचा ठराव केला, त्यात नियमांच्या मर्यादेत शस्त्र बाळगण्याचा हक्कही घातला. स्वातंत्र्यानंतर १९५९ चा शस्त्र अधिनियम आला. तोच, अनेक दुरुस्त्यांसह, आज लागू आहे. यात शस्त्र बाळगणं हा मूलभूत हक्क नाही. सरकारने कारण पटल्यावर द्यायची ती परवानगी आहे.

या कायद्यात बाई आणि पुरुष असा भेद कुठेही नाही. वय २१ पूर्ण हवं. हिंसेच्या गुन्ह्यात शिक्षा झालेली नसावी. अर्ज अमरावती शहरात पोलीस आयुक्तांकडे, आणि अमरावतीच्या ग्रामीण भागात व अकोल्यात जिल्हाधिकाऱ्यांकडे जातो. २०१६ च्या नियमांपासून शस्त्र सुरक्षितपणे हाताळण्याचं प्रशिक्षण घेतल्याचं प्रमाणपत्र जोडावं लागतं. मग पोलीस चौकशी होते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर परवाना पाच वर्षांचा मिळतो आणि एका माणसाला जास्तीत जास्त दोन शस्त्रं ठेवता येतात.

आता एक कलम नीट ऐका, कारण ते आपल्या कामाचं आहे. कलम १४ म्हणतं की अर्जदाराकडे पुरेशी मालमत्ता नाही, एवढ्याच कारणावरून परवाना नाकारता येणार नाही. ज्या देशात बायांच्या नावावर ना घर ना शेत, तिथे या एका ओळीचं मोल फार आहे. नकार दिला तर कारणं लेखी नोंदवावी लागतात, आणि त्यावर अपील करता येतं. तेव्हा कोणी टेबलामागून "घरात माणूस नाही का?" असं विचारून अर्ज परत करू लागला, तर त्याला सांगायचं, "हेच कारण लिहून द्या."

मात्र जागलीच्या प्रश्नाला पिस्तूल हे उत्तर नाही. रानडुक्कर आणि रोही पराटी-तूर उद्ध्वस्त करतात हे खरं. त्यासाठी पीक संरक्षणाकरता ठासणीच्या बंदुकीचा परवाना कायद्यात वेगळा सांगितलेला आहे, आणि जनावराला मारायला वनखात्याची परवानगी लागते ती निराळीच. पिस्तूल हे जवळच्या अंतरावर माणसावर चालवायचं शस्त्र आहे. ते मागणाऱ्या बाईला जनावराची नाही, माणसाची भीती आहे, हे आपण आधी ओळखलं पाहिजे.

दुसरा प्रश्न पैशाचा. डिसेंबर २०१२ मधल्या दिल्लीच्या घटनेने देश हादरला. त्यानंतर जानेवारी २०१४ मध्ये कानपूरच्या सरकारी कारखान्याने 'निर्भीक' नावाचं रिव्हॉल्व्हर बाजारात आणलं. 'निर्भया' या नावाचाच तो प्रतिध्वनी. .३२ बोअर, सहा गोळ्या, वजन सुमारे अर्धा किलो, पर्समध्ये मावेल असं. दागिन्याच्या डबीसारख्या मरून रंगाच्या पेटीत घालून ते द्यायचे. किंमत सुमारे १ लाख २२ हजार रुपये. त्या वर्षी महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी होती दिवसाला १६८ रुपये. म्हणजे पोटाला काहीही न खाता सव्वासातशे दिवस माती उपसली, की एक निर्भीक! एका मुलीच्या वेदनेचं नाव उचललं, त्यावर मखमल चढवली आणि ते विकायला ठेवलं. विकत घेऊ शकणार होत्या त्या बहुतेक गाडीतून फिरणाऱ्या. एस.टी.च्या थांब्यावर रात्री उभ्या राहणाऱ्या बाईसाठी ते नव्हतंच.

तरी स्वस्त, पूर्ण आकाराचं पिस्तूल मिळालं असं धरून चालू. 'बायकांसाठी' म्हणून नेहमी छोटं, हलकं शस्त्र पुढे केलं जातं. यात एक गंमत आहे. गोळी सुटते तेव्हा शस्त्र मागे धक्का देतं. तीच गोळी हलक्या शस्त्रातून उडवली तर हाताला धक्का जास्त बसतो. नळी आखूड असली की पुढची माशी आणि मागची खाच यांतलं अंतर कमी होतं, त्यामुळे नेम धरताना झालेली बारीकशी चूक पुढे मोठी होते. पूर्ण आकाराचं पिस्तूल जड असतं, मूठ हातात नीट बसते, धक्का सोसवतो, नेम सोपा जातो. शिकायला तेच बरं. पण ते पर्समध्ये लपत नाही, पदराखाली राहत नाही आणि दिवसभर अंगावर वागवणं कष्टाचं असतं. म्हणजे जे बाळगायला सोपं ते चालवायला अवघड, आणि जे चालवायला सोपं ते बाळगायला अवघड. छोटं ते बायकांचं, हे गणित शस्त्राचं नाही, बाजाराचं आहे. शिवाय आपल्याकडे ९ मिलिमीटरसारख्या लष्करी बोअरवर सामान्य नागरिकाला बंदी आहे आणि परदेशी शस्त्रांची आयात १९८० च्या दशकात बंद झाली. त्यामुळे निवड थोडी आणि भाव चढे.

शस्त्र घेतलं म्हणजे नेम आला असं नाही. त्याला सराव लागतो, सरावाला काडतुसं लागतात, ती किती घ्यायची हे परवान्यावर लिहिलेलं असतं, आणि ती फुकट मिळत नाहीत. काही नियम तर पहिल्या दिवसापासून अंगवळणी पडावे लागतात. शस्त्र नेहमी भरलेलं आहे असंच समजायचं. ज्यावर गोळी झाडायची नाही तिकडे तोंड करायचं नाही. नेम धरल्याशिवाय बोट घोड्यावर जाऊ द्यायचं नाही. घरी शस्त्र आणि काडतुसं वेगवेगळ्या कुलपात ठेवायची. दोन खोल्यांच्या घरात, जिथे बाईच्या पेटीची किल्लीही सासूच्या कमरेला असते, तिथे हे कुलूप कुठे लावायचं?

नेमबाजी बायांना जमत नाही, असं मात्र कोणी म्हणू नये. कोल्हापूरच्या राही सरनोबतने २०१८ च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तूल प्रकारात सुवर्णपदक मिळवलं. उत्तर प्रदेशातल्या जोहडी गावच्या चंद्रो तोमर साठी उलटल्यावर पिस्तूल चालवायला शिकल्या आणि पदकं मिळवत गेल्या. आपल्या कॉलेजांतल्या मुली एन.सी.सी.त .२२ रायफल चालवतात. याच अमरावतीत वैद्य बंधूंनी १९१४ साली हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ उभं केलं. शरीर कमावण्याची परंपरा आपल्याला परकी नाही. ठरावीक शक्तीच्या आतल्या हवेच्या पिस्तुलाला परवानाही लागत नाही. मुलींना नेमबाजी शिकवा, मी पहिली टाळी वाजवीन. श्वास आवरणं, हात स्थिर ठेवणं, आवाजाला न दचकणं, हे शिकलेली मुलगी घरातही खाली मान घालून उभी राहत नाही.

आता माझा तिसरा प्रश्न. हे पिस्तूल रोखायचं कोणावर?

अंधाऱ्या गल्लीतला अनोळखी गुंड आपल्या डोळ्यांसमोर येतो. पण राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे आकडे वर्षानुवर्षं सांगतात की बलात्काराच्या नोंदलेल्या प्रकरणांत नव्वद टक्क्यांहून अधिक वेळा आरोपी ओळखीचा असतो. स्त्रियांवरच्या गुन्ह्यांत सर्वांत मोठा आकडा असतो तो नवरा आणि सासरच्या छळाचा. रोखणार का दिरावर? मालकावर? ज्याच्या ताटात रोज भाकरी वाढायची त्याच्यावर? कायद्याने स्वसंरक्षणाचा हक्क दिलेला आहे. भारतीय न्याय संहितेच्या ३८ व्या कलमानुसार बलात्काराच्या किंवा ॲसिडच्या हल्ल्यात हल्लेखोराचा जीव गेला तरी तो हक्क टिकतो. पण रोजचा मार, रोजची शिवी, महिन्याचा पगार काढून घेणं, यावर पिस्तूल चालत नाही.

उलट घरातली बंदूक बहुधा बाईच्या हातात नसतेच. अमेरिकेत बंदुका घरोघर आहेत. तिथल्या अकरा शहरांतला एक अभ्यास २००३ साली प्रसिद्ध झाला. मारहाण करणाऱ्या जोडीदाराच्या हाती बंदूक लागत असेल, तर बाईचा खून होण्याचा धोका सुमारे पाचपट होतो, असं त्यात दिसलं.

आणि बाईच्या हातात असली तर? मेळघाट आपल्या जिल्ह्यातच आहे. हरिसालच्या वनपरिक्षेत्र अधिकारी दीपाली चव्हाण प्रशिक्षित होत्या, वर्दीत होत्या, सरकारने त्यांना रिव्हॉल्व्हर दिलेलं होतं. वर्तमानपत्रांनी त्यांना 'लेडी सिंघम' म्हटलं. २५ मार्च २०२१ रोजी त्याच शस्त्राने त्यांनी आपलं आयुष्य संपवलं. मागे ठेवलेल्या पत्रात वरिष्ठाकडून होणाऱ्या छळाची तक्रार होती. पुढे अटक झाली, निलंबन झालं. दोषी कोण हे कोर्टाने ठरवायचं. आपण एवढंच पाहायचं, की जंगलात त्यांच्या कामी येणारं शस्त्र कार्यालयातल्या छळापुढे त्यांच्या कामी आलं नाही. कामी यायला हवी होती ती वेळेवर ऐकणारी यंत्रणा. बाई हतबल झाली की हाताशी असलेलं शस्त्र तिच्याच जिवावर उठतं. म्हणून सांगते, आपल्यातली कोणी अशा काठावर असेल तर तिला एकटी सोडू नका. १४४१६ हा मानसिक आरोग्याचा सरकारी नंबर आहे, १८१ महिलांसाठी आहे, ११२ तातडीच्या मदतीचा. पण नंबराआधी मैत्रीण पोचली पाहिजे.

मग आपण करायचं काय? मला तीन कामं दिसतात.

पहिलं काम, घरात असलेली बंदूक बाहेर काढणं. नवरा परवान्याची बंदूक दाखवून धमकावत असेल, तर २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली अर्ज करताना तसं स्पष्ट लिहा. हिंसाचारात वापरलेलं शस्त्र पोलिसांच्या मदतीने जप्त करण्याची तरतूद त्याच्या नियमांत आहे. परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याकडेही तक्रार करा. सार्वजनिक सुरक्षिततेसाठी परवाना रद्द करण्याचा अधिकार शस्त्र कायद्याच्या कलम १७ ने त्याला दिलेला आहे. वरातीत हवेत गोळ्या उडवणं हा २०१९ पासून दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकेल असा गुन्हा आहे. आणि कोणी "स्वस्तात देशी कट्टा आणून देतो" म्हणालं, तर भुलू नका. बिनपरवाना शस्त्राला किमान दोन वर्षांची कैद आहे, आणि वकिलाचा खर्च त्या कट्ट्याहून मोठा.

दुसरं काम, ज्या बाईला खरोखर परवाना हवा आहे तिची टिंगल न करणं. तिच्या जिवाला खरा धोका असेल, तिने विचार केला असेल, तर तिच्यासोबत बसून अर्ज भरा, प्रशिक्षण घ्यायला सांगा, नकार आला तर अपील लिहा. आपल्याला शस्त्र नको वाटतं म्हणून तिचा कायदेशीर अधिकार आपण दडपायचा नाही. तिच्यासाठी निर्णय घेणारे पुष्कळ आहेत. त्यांत आपली भर नको.

तिसरं काम सर्वांत लांबचं आणि सर्वांत जरुरीचं. जिला पिस्तूल हवंसं वाटतं तिची भीती कशातून आली, ते शोधायचं. वावराच्या वादातून आली असेल तर सातबारा काढा, फेरफार पाहा, तिचं नाव लावून घ्या. याच वऱ्हाडात शेतकरी संघटनेच्या लक्ष्मीमुक्तीच्या कार्यक्रमात नवऱ्यांनी बायकांच्या नावावर जमिनी केल्या होत्या. ते झालेलं आहे, पुन्हा होऊ शकतं. कामाच्या ठिकाणची भीती असेल तर २०१३ च्या कायद्याप्रमाणे तिथे तक्रार समिती आहे का, तिचे सदस्य कोण, शेवटची बैठक कधी झाली, ते विचारा. रस्त्याची भीती असेल तर दिवे आणि रात्रीची एस.टी. मागा.

पिस्तुलात सहा-आठ गोळ्या मावतात आणि ते एकटीच्या हातात असतं. सातबारावरचं नाव, ठाण्यात सोबत आलेल्या दहा बाया आणि लेखी मागितलेलं उत्तर यांना परवाना लागत नाही आणि काडतुसंही लागत नाहीत. जिला शस्त्र घ्यायचं आहे तिनेही आधी या गोष्टी मिळवाव्यात. कारण त्या नसतील तर पिस्तूल तिचं राहणार नाही. ते घरातल्या पुरुषाचं होईल, कोर्टातल्या पुराव्याचं होईल, नाहीतर तिच्याच जिवाचं वैरी होईल.

आता गटागटांत बसून आपापल्या तालुक्याची यादी करू या. कोणत्या घरात बंदुकीच्या धाकाने बाई गप्प आहे, कोणत्या कार्यालयात समितीच नाही, कोणाचं नाव सातबारावर लागायचं राहिलं आहे. पुढच्या बैठकीला येताना प्रत्येक गटाने यांपैकी एकीचं तरी काम पुरं करून यावं.