पहारेकऱ्याच्या घरातील शत्रू



शरीरात शिरलेल्या जंतूंना गिळून पचविणाऱ्या पेशी आपल्या देहात असतात. १८८२ साली मेसिना येथे तारामाशाच्या पारदर्शक डिंभाचे निरीक्षण करीत असता मेचनिकॉफ यांना ही कल्पना सुचली. १९०८ चे नोबेल पारितोषिक त्यांना एर्लिख यांच्यासह मिळाले. या महाभक्षक पेशी म्हणजे देहाचे पहारेकरी. परंतु पहारेकऱ्याच्याच घरात शत्रू लपून बसला तर?

एचआयव्ही नेमके हेच करतो. साहाय्यक टी-पेशींत, आणि काही अंशी महाभक्षक पेशींत, तो आपला जनुकीय मजकूर पेशीच्या जनुकद्रव्यात गुंफून ठेवतो. औषधे त्याची वाढ रोखतात. तो सुप्त मजकूर पुसू शकत नाहीत. औषध थांबविले की बहुधा काही आठवड्यांतच विषाणू रक्तात पुन्हा दिसू लागतो. म्हणून उपचार जन्मभर चालू ठेवावे लागतात.

औषध थेट या पेशींच्या आत पोचविता येईल काय? मीटरचा अब्जांश म्हणजे एक नॅनोमीटर. शंभर-दोनशे नॅनोमीटरांच्या कणात औषध भरून तो शरीरात सोडला, तर महाभक्षक पेशी त्याला परका समजून गिळते. तिची ही सवयच औषधाला दार उघडून देते.

या युक्तीची प्रचीती काळा आजाराच्या बाबतीत आली आहे. त्याचा परजीवी प्लीहा, यकृत इत्यादींतील महाभक्षक पेशींत राहतो. अँफोटेरिसिन हे औषध पूर्वी एक दिवसाआड पंधरा वेळा शिरेतून द्यावे लागे. बिहारमधील रुग्णांवर झालेल्या व २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत तेच औषध सूक्ष्म मेदपुटिकांत भरून एकदाच दिले गेले. दोन्ही गटांत ९५ टक्क्यांहून अधिक रुग्ण बरे झाले.

एचआयव्हीशी गाठ मात्र अधिक अवघड आहे, कारण सुप्त टी-पेशी असे कण सहसा गिळीत नाही. अमेरिकेत २०२१ साली मान्यता मिळालेले कॅबोटेग्रॅव्हिर व रिल्पिव्हिरिन यांचे इंजेक्शन सूक्ष्मकणांचेच आहे. ते कण स्नायूत हळूहळू विरघळतात व रोजची गोळी टळते. परंतु लपलेला विषाणू तसाच राहतो. २०२५ मध्ये मेलबर्नच्या डोहर्टी संस्थेतील संशोधकांनी विशेष घडणीच्या मेदकणांतून एमआरएनए अशा टी-पेशींत पोचविला आणि सुप्त विषाणू जागा करून दाखविला. हे यश प्रयोगशाळेतील पेशींपुरते आहे. जागा झालेला विषाणू नष्ट कसा करावा, हा प्रश्न पुढेच आहे.

दार सापडले आहे. आतले काम अद्याप व्हावयाचे आहे. तोवर रुग्णाने औषधात खंड पडू देऊ नये, हेच हितावह.