वाढते अंग आणि कसरत

श्रोतेहो, आज ज्या गोष्टीविषयी बोलायचे आहे ती प्रत्येक आखाड्यात घडते, पण आखाड्यात तिच्याविषयी कुणी फारसे बोलत नाही.

दहा-अकरा वर्षांची एखादी मुलगी दोरीच्या मल्लखांबावर चढते, ती जणू खारच. अंगठ्याच्या बेचक्यात दोर धरला की सरसर वर. हात सोडून उलटी होईल, एकामागून एक आसने दाखवील. तालुक्यात तिचा पहिला नंबर ठरलेला. आणि मग बारा-तेराव्या वर्षी काय होते कोण जाणे, तीच मुलगी अर्ध्यावर अडते. पकड सुटते, फिरकीला वेळ लागतो, उतरताना तोल जातो. गुरुजी म्हणतात, आळस. आई म्हणते, दृष्ट लागली. मुलगी बिचारी काहीच म्हणत नाही.

माझ्याकडे अशी एक मुलगी होती. जूनमध्ये शिवलेला गणवेश दिवाळीला आखूड झाला, हे मी डोळ्यांनी पाहिले, पण त्याचा अर्थ मला कळला नाही. मी तिला चारचौघांत म्हणालो, "काय खातेस गं घरी? अंग सुटलंय तुझं. रात्रीची भाकरी अर्धी कर." तिने केली. दोन महिन्यांनी ती चढताना धापा टाकू लागली. पुढे तिची आई शाळेत आली आणि म्हणाली, "मोठी झाली आता ती, गुरुजी. पुरं झालं दोरावर चढणं." खरे सांगतो, त्या वेळी मला सुटल्यासारखे वाटले.

त्या मुलीचे चुकत नव्हते. ती वाढत होती, एवढेच.

लहान मूल वर्षाला साधारण पाच-सहा सेंटिमीटर वाढते. मग एक काळ असा येतो, की वाढ एकदम उसळी घेते. मुलींत ही उसळी बाराव्या वर्षाच्या आसपास सर्वांत जोरात असते, मुलांत चौदाव्याच्या सुमारास. त्या वर्षी मुलगी आठ सेंटिमीटरच्या आसपास वाढते, मुलगा नऊ-दहा. आणि वाढ सगळीकडे सारखी होत नाही बरं का! आधी पावले आणि पाय लांबतात, धड मागाहून येते. कालपर्यंत ज्या पायांची लांबी अंगवळणी पडली होती, ते पाय आज वेगळेच असतात.

आता वजनाचे बघा. पाण्याचा हंडा घ्या. उंची आणि घेर दोन्ही फक्त दहावा हिस्सा वाढवा, तर त्यात पाणी किती जास्त मावेल? दहावा हिस्सा नव्हे. जवळजवळ एक तृतीयांश. शरीराचेही तसेच. मुलगी 140 सेंटिमीटरची 154 झाली आणि बांधा तोच राहिला, तर वजन शंभराचे एकशे तेहतीस होते. पण स्नायूची ताकद त्याच्या जाडीच्या छेदावर अवलंबून असते, ती शंभराची एकशे एकवीसच होते. म्हणजे ताकद वाढूनही स्वतःचे अंग उचलायला ती कमी पडते. फिरकीची गोष्ट तर याहून अवघड. आखूड दांडके मनगटावर गरकन फिरते, लांब लाठी फिरवायला जोर लागतो. 154 सेंटिमीटरचे शरीर हवेत तेवढ्याच वेगाने फिरवायला 140च्या मानाने दीडपटीहून अधिक जोर लागतो.

मुलांची पुढे सोय होते. उंचीच्या मागोमाग त्यांचे स्नायू भरू लागतात आणि सोळा-सतराव्या वर्षी गेलेली कसरत दुपटीने परत येते. मुलींच्या अंगावर याच काळात निसर्ग थोडी चरबी चढवतो, कंबर रुंदावतो. त्याला अंग सुटणे म्हणत नाहीत. हे मला फार उशिरा कळले.

रुमानियाच्या नादिया कोमानेचीचे नाव तुम्ही ऐकले असेल. 1976 साली माँट्रिअलच्या ऑलिम्पिकमध्ये, चौदा वर्षांची असताना, तिने दहापैकी दहा गुण मिळवले. ऑलिम्पिकच्या जिम्नॅस्टिक्समध्ये असे पूर्वी कधी झाले नव्हते. दोनच वर्षांनी, 1978 साली स्ट्रासबुर्गच्या जागतिक स्पर्धेत, ती उंच आणि भारी झालेली होती. दांड्यांवरून पडली, एकूण गुणांत चौथी आली. लोक म्हणाले, संपली. पण त्याच स्पर्धेत तुळईवर तिने सुवर्णपदक घेतले, आणि 1980 साली मॉस्कोला, अठराव्या वर्षी, आणखी दोन. तिचे शरीर नव्या मापाला सरावायला वेळ मागत होते.

लहान अंगाचा हा फायदा ओळखून कोवळ्या मुली पुढे ढकलण्याची चढाओढ लागली, म्हणून जागतिक संघटनेने वयाची अट वाढवत नेली. पूर्वी चौदा होती, ती 1981पासून पंधरा आणि 1997पासून सोळा झाली. आणि मोठ्या वयात जमत नाही म्हणावे, तर लारिसा लातिनिना 1964 साली टोकियोत पदके घेत होती तेव्हा एकोणतीस वर्षांची होती. आपल्या आगरतळ्याची दीपा कर्माकर 2016 साली रिओत चौथी आली ती तेविसाव्या वर्षी, आणि 2024 साली ताश्कंदला आशियाई सुवर्ण मिळवले ते तिसाव्या. तेराव्या वर्षी तिला कुणी घरी बसवले असते तर?

आणखी एक समज गावोगाव आहे, की कसरतीने उंची खुंटते. असे आढळलेले नाही. बुटक्या अंगाच्या मुलांना कसरत सोपी जाते म्हणून ती त्यात टिकतात, उंच मुले गळतात. आणि आपण बघणारे उलटा निष्कर्ष काढतो. पोटाला कमी देऊन कसरत करून घेतली, तर मात्र वाढ अडते. म्हणून गुरुजनहो, मी केले ते करू नका. वाढत्या मुलीची भाकरी तोडू नका. ज्वारी-बाजरीची भाकरी, डाळ, शेंगदाणे, जमेल तेवढे दूध, अंडे चालत असेल तर अंडे. याच दोन-तीन वर्षांत हाडांची मोठी भरणी होते, ती पुढे भरून निघत नाही. मातांनो, पंधरावे पूर्ण होऊनही मुलीला पाळी आली नाही, किंवा सुरू झालेली तीन महिने चुकली, तर डॉक्टरांना दाखवा. यात लाजण्यासारखे काही नाही.

वाढीच्या काळात हाडांच्या टोकांशी कूर्चा असते, हाड तिथूनच लांबते. ती हाडाहून कच्ची. उड्यांचा मारा झाला, की गुडघ्याखालचा उंचवटा दुखतो, टाच दुखते. हातांवर उभे राहणाऱ्यांचे मनगट दुखते. "मर्द हो, सहन कर" म्हणू नका. थांबवा. विसाव्याने राहिले नाही तर चित्र काढून घ्या. त्या वर्षी उंचावरून उड्या कमी, नवी अवघड कसरत बंद. जुनी सोपी आसने पुन्हा पहिल्यापासून घ्या, नव्या अंगाची ओळख पटू द्या. तालीम मात्र सोडवू नका.

आणि वयोगटाच्या स्पर्धेत निकाल लावताना हेही बघा, की चौदाच्या आतल्या दोन मुलांपैकी एकाला मिसरूड फुटलेले असते नि दुसरा अजून पोर असतो. जन्मदाखला दोघांचा एकाच महिन्याचा. मागे राहिलेल्याला आताच काढून टाकू नका.

हे ओळखायचे कसे? शाळेच्या भिंतीवर पेन्सिलची रेघ पुरते. दर तीन महिन्यांनी मोजा. दोन सेंटिमीटरहून जास्त फरक पडला, की समजा, उसळी सुरू झाली. मूल अनवाणी उभे करा, टाचा आणि पाठ भिंतीला, नजर समोर, डोक्यावर पाटी आडवी धरा. आणि मोजायचे ते नेहमी सकाळी, प्रार्थनेच्या आधी; कारण दिवसभर उभे राहून माणूस संध्याकाळपर्यंत सेंटिमीटरभर दबतो, आणि तुमची रेघ खोटी पडते.