तेकाँगचा किनारा
(हौगांग येथील कौटुंबिक मेळाव्यातील भाषण)



लष्करी सरावामुळे समुद्रकिनाऱ्याची होणारी हानी, हा विषय आम्ही निवडला याचे काहींना नवल वाटेल. लष्कराशी आपल्या समाजाचे नाते कृतज्ञतेचे आहे. बाबासाहेबांचा जन्म महूच्या छावणीत झाला. सुभेदार रामजी निवृत्तीनंतर काही काळ कोकणात, दापोलीच्या कॅम्पात राहिले. १९४१ साली महार पलटण पुन्हा उभी राहिली, ती कित्येक घरांचा आधार झाली. तेव्हा सैनिकाविषयी अनादर आमच्या मनात असणे शक्य नाही. शिवाय येथे ज्या कुटुंबांनी स्थायी निवास पत्करला, त्यांचे पुत्र राष्ट्रसेवेसाठी चांगीहून फेरीने तेकाँग बेटावर जातात. आई डोळे पुसते, मुलगा मात्र डोक्यावरचे केस जाणार या चिंतेत असतो. ज्या मातीवर आपली मुले रांगून सैनिक होतात, त्या मातीचे काय होते, हे विचारण्याचा अधिकार आपल्याला आहे.

तेकाँग हे नेहमीच कवायतीचे बेट नव्हते. तेथे चिनी व मलय वस्त्या होत्या, शाळा होती, रबराचे मळे होते. १९८० च्या दशकात ही कुटुंबे मुख्य बेटावर हलविण्यात आली. आपल्या हौगांगजवळ सेरांगून नदीच्या काठी कांगकार हे मच्छीमारांचे गाव होते. तेही याच काळात उठले, मात्र त्याचे कारण निराळे, नगरविस्ताराचे. दक्षिणेकडील सुडोंग, सेनांग आणि पवाई ही बेटे जिवंत दारूगोळ्याच्या सरावासाठी राखून ठेवलेली आहेत. सुडोंगवरील मलय कोळ्यांना १९७० च्या दशकात घरे सोडावी लागली. गाव रिकामे होणे ही या हानीची पहिली पायरी, कारण किनाऱ्याची नोंद ठेवणारे डोळेच तेथून जातात.

पुढची हानी डोळ्यांना चटकन दिसत नाही. पाण्यात स्फोट झाला की दाबाच्या लाटेने माशांच्या पोटातील हवेची पिशवी फाटते. उडालेला गाळ प्रवाळावर बसतो आणि त्याचा प्रकाश अडवतो. न फुटलेले गोळे वर्षानुवर्षे गंजतात, शिसे व स्फोटकांचे अंश मातीत मुरतात. प्वेर्तो रिकोजवळील व्हिएकेस बेटावर अमेरिकन नौदलाने सुमारे सहा दशके सराव केला. १९९९ साली चुकलेल्या बाँबने एक स्थानिक पहारेकरी ठार झाला, लोक उठले आणि २००३ साली नौदल तेथून गेले. जमिनीची सफाई मात्र त्यानंतर अनेक वर्षे चालत राहिली. आपल्या देशात, मुरुडेश्वरसमोरच्या नेत्राणी बेटाचाही भारतीय नौदलाने नेमबाजीसाठी उपयोग केला. त्याच बेटावर समुद्रगरुड घरटी करतात आणि भोवती प्रवाळ आहे.

तथापि एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. जेथे सामान्य माणसाला बंदी असते, तेथे हॉटेले आणि इमारतीही उभ्या राहत नाहीत. तेकाँगच्या रानात आजही खवल्या मांजर आहे. १९९० साली जोहोरकडून तीन रानहत्ती पोहत या बेटावर आले. त्यांना पकडून परत पाठवावे लागले. हत्तींना प्रवेशबंदीची पाटी वाचता आली नसावी! त्यामुळे लष्कर असले की निसर्ग संपला, असे आम्ही म्हणणार नाही. सरावाला जागा कमी पडू लागली की काय होते, हा आमचा प्रश्न आहे.

जागा समुद्रातून काढावी लागते. तेकाँगभोवतीच्या भरावाविरुद्ध मलेशियाने २००३ साली हॅम्बर्ग येथील सागरी न्यायाधिकरणात धाव घेतली. जोहोरच्या सामुद्रधुनीतील पर्यावरण आणि कोळ्यांची उपजीविका, ही तिची तक्रार होती. २००५ साली उभय देशांत समझोता झाला आणि मच्छीमारांना भरपाई देण्याचे सिंगापूरने मान्य केले. पुढे २०१६ साली तेकाँगवर बांध घालून सुमारे आठशे हेक्टर जमीन मिळविण्याची योजना जाहीर झाली, तीही लष्करी सरावासाठीच. त्यात भरावापेक्षा रेती कमी लागते. कोकणातील मंडळींना ही कल्पना नवी वाटू नये. आपले आजे-पणजे खारबंधारे बांधून खाऱ्या पाण्यापासून शेत राखतच होते. परंतु खारबंधारा फुटला की काय होते, हेही त्यांनाच ठाऊक होते. तेकाँगच्या ईशान्य किनाऱ्यावरील खारफुटी लाटांनी झिजत गेली, तेव्हा राष्ट्रीय उद्यान मंडळाने दगड रचून, मातीची पोती ठेवून नवी रोपे लावली. म्हणजे प्रयत्न होत नाहीत असे नाही.

प्रयत्न व्हावेत म्हणून आपण काय करू शकतो? शेजारच्या उबिन बेटावरील चेक जावाचे उदाहरण डोळ्यांसमोर ठेवावे. तो किनारा भरावाखाली जाणार होता. २००१ साली स्वयंसेवक ओहोटीच्या वेळी वह्या घेऊन चिखलात उतरले, तारामासे, समुद्रकाकड्या आणि शिंपले मोजले, आणि ती माहिती शासनापुढे ठेवली. त्याच वर्षी डिसेंबरात भराव पुढे ढकलण्यात आला.

चांगीच्या धक्क्यावरून उबिनला जाणारी लहान होडी बारा माणसे जमली की सुटते. पुढील ओहोटीच्या रविवारी आपल्यापैकी बाराजण तरी सकाळी तेथे जमावेत, मुलांनी वही-पेन्सिल आणावी, आणि ज्यांचे पुत्र तेकाँगवर आहेत त्यांनी पूर्वेकडे तोंड करून बसावे, ही विनंती. जय भीम!