उपासाचं वजन

(वसंत व्याख्यानमालेत एका निवृत्त पशुधन विकास अधिकाऱ्यांनी दिलेलं व्याख्यान. ध्वनिमुद्रणावरून.)



पत्रिकेत माझ्या व्याख्यानाचं नाव ‘गोठ्यातले दिवस’ असं छापलंय. ते मीच दिलं होतं. पण जानेवारीपासून माझ्या डोक्यात गाय नाही, म्हैस नाही, एक पाल आहे. (हशा) हसून घ्या. चौतीस वर्षं जनावरांची नोकरी करून शेवटी पालीवर बोलायला उभा राहीन, असं मलाही वाटलं नव्हतं. गोठ्यावर येणार आहे मी, पण पालीच्या वाटेनं.

माझी मुलगी न्यू जर्सीत एडिसनला असते. गेल्या नोव्हेंबरात मी आणि आमची मंडळी तिकडे गेलो. नात अकरा वर्षांची. तिच्या खोलीत काचेची पेटी, पेटीत वीतभर लांबीची पिवळी पाल, अंगावर काळे ठिपके. लेपर्ड गेको. आपण बिबट्या पाल म्हणू. नातीनं नाव ठेवलंय चिवडा. रंग बघितला की पटतं.

भिंतीवरच्या आपल्या पालीला पापण्या नसतात, ती जिभेनं डोळे पुसते. हिला पापण्या असतात. डोळे मिटून माणसासारखी झोपते. बोटांना चिकटपट्ट्या नाहीत, त्यामुळे काचेवर चढता येत नाही, जमिनीवरच चालते. शेपूट जाड, गाजरासारखं, आणि त्यात चरबी साठवलेली. हे शेपूट लक्षात ठेवा. थंड रक्ताचे प्राणी म्हणजे काय ते तुम्ही शाळेत शिकलाच आहात, त्यात वेळ घालवत नाही.

एकच सांगतो. ही पाल अमेरिकेची नव्हे. एडवर्ड ब्लाइथ नावाचा अभ्यासक कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीचं संग्रहालय सांभाळायचा, त्यानं १८५४ साली तिचं शास्त्रीय वर्णन केलं. नमुना होता पंजाबातल्या मिठाच्या डोंगररांगेतला, म्हणजे आजच्या पाकिस्तानातला. तिची एक बहीण आपल्या महाराष्ट्र-गुजरातेत आहे, आणि सातपुड्यातली आणखी एक २०१४ साली नवी जात म्हणून नोंदली गेली. विषारी समजून लोक तिला दगडानं ठेचतात. तिला विष नसतं. आणि आता रानातून उचलून पेटीत घालायलाही जाऊ नका. चिवडा पेटीतच जन्मलेला, त्याचे आईबापही पेटीतलेच. पाळावा की नाही हा वाद मी घरी जावयाशी भरपूर घातलाय, इथं नको.

तर, जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात चिवड्यानं खाणं सोडलं.

आपल्याकडे शेतकरी म्हणतो, ‘बैलानं चारा सोडला.’ एवढे तीन शब्द ऐकले की मी मोटारसायकलला किक मारायचो. कारण रवंथ करणारं जनावर हे चालू भट्टी असतं. त्याच्या पोटात जंतूंचं अख्खं गाव वसलेलं, त्याला रोज चारा लागतो. एक दिवस बंद झालं की गावात दंगल. त्यामुळे पालीनं चार दिवस तोंड लावलं नाही म्हटल्यावर माझ्याही मनात शंकेची पाल चुकचुकली. (हशा) हे वाक्य मी मुंबईपर्यंत विमानात घोळवत आणलंय, टाळ्या दिल्यात तरी चालेल. (टाळ्या)

आणि घरात सुरू झाला आग्रह. आमची मंडळी पहिल्या रांगेत बसली आहेत, म्हणून जपून बोलतो. जन्मात अंड्याला न शिवलेली बाई, सकाळ-संध्याकाळ चिमट्यात वळवळती अळी धरून पेटीपुढे बसायची. ‘खा रे राजा, एवढी एक.’ तो मान फिरवायचा. मग झुरळ. हो, झुरळं विकत मिळतात तिकडे, डब्यात, मोजून. मग रातकिडे. रात्रभर पेटीत सोडून दिले तर ते त्यालाच चावू लागले. मुलगी म्हणाली, ‘बाबा, तोंड उघडून घालता येतं का थोडं?’

इथं मी ओरडलो. का ओरडलो, ते सांगायला मला पारनेर तालुक्यात जावं लागेल. दोन मिनिटं.

साल १९८४. माझी पहिली नेमणूक. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी एक गडी धावत आला, बैलानं चारा सोडला. पोचलो तर अंगणात पंधरा माणसं. बैल खिल्लारी, देखणा, शिंगांना अजून बेगड. प्रत्येकाचं औषध तयार. एक म्हणतो गूळ द्या, एक म्हणतो हिंग, एक म्हातारे गृहस्थ बांबूचा नळा तासून बसलेले. जनावराचं तोंड वर करायचं, नळा गालात सारायचा आणि तेल ओतायचं. मी चोवीस वर्षांचा, हात न बसलेला नवा डॉक्टर. पंधरा माणसांपुढे नको म्हणायला जीभ उचलली नाही. म्हणालो, पाजा थोडं.

त्या बैलानं आदल्या दिवशी काय खाल्लं, हे मी विचारलं नाही. डाव्या भकाळीत हात दाबून बघितलं नाही. थर्मामीटर बॅगेत होता, तो बॅगेतच राहिला. नंतर कळलं, पोळा म्हणून घरोघरी पुरणपोळ्या चारल्या होत्या. त्या घरच्या, शेजारच्या, पाटलाच्या. प्रत्येक बाई म्हणाली असणार, एवढी आमची एक. बैलाचं पोट आंबलं होतं. त्याला भूक नव्हती कारण जागा नव्हती, आणि आम्ही वरून तेल ओतत होतो. तोंड आभाळाकडे, दोन माणसं शिंगं धरून. तो खोकला. मला तो खोकला ऐकू आला. तेल फुप्फुसात गेलं होतं. चौथ्या दिवशी बैल गेला.

मालक मला काही बोलला नाही. एवढंच म्हणाला, ‘डॉक्टर, उपाशी नाही जाऊ दिला आम्ही त्याला.’

(थोडा वेळ शांतता.)

दोन मिनिटं म्हणालो होतो, दहा झाली. घड्याळ बघतोय मी, काळजी करू नका.

तेव्हापासून मला एक खोड लागली. न खाणारं जनावर दिसलं की आधी मोजायचं. खेड्यात बैल तोलायला काटा कुठून आणणार? टेप आणायचा. पुढच्या पायांमागून छातीचा घेर इंचात, खांद्याच्या टोकापासून ढुंगणाच्या हाडापर्यंत लांबी इंचात. घेराचा वर्ग करा, लांबीनं गुणा, तीनशेनं भागा. उत्तर पौंडात. छाती ६४, लांबी ५६ असेल, तर साधारण ७६५ पौंड, म्हणजे साडेतीनशे किलोच्या जवळ. उत्तर अंदाजाचंच असतं, पण दर आठवड्याला त्याच टेपनं मोजलं की चढ-उतार कळतो. माझ्या अशा सत्तावीस वह्या भरल्या आहेत. साहेब लोक हसायचे. हसू देत. आज तीनशेनं भागायचं तेवढं लक्षात ठेवून घरी गेलात तरी माझं व्याख्यान वसूल.

तर एडिसन. मी मुलीला म्हटलं, स्वयंपाकघरातला काटा आण. आमची मंडळी म्हणाली, ‘त्यावर मी रवा मोजते!’ बरोबर होतं तिचं. पालीच्या अंगावर साल्मोनेलाचे जंतू असू शकतात, तिला हात लावला की साबणानं धुवायचे. मग पालीसाठी वेगळा काटा आणला, ग्रॅम दाखवणारा, आणि वर प्लास्टिकचा डबा. जानेवारीचा दुसरा रविवार, ६८ ग्रॅम. वही उघडली. ६८ चे दहा टक्के ६.८, एवढी घट चालेल. म्हणून ६१ वर लाल रेघ मारली आणि सगळ्यांना सांगितलं, चिवडा या रेघेखाली जाईपर्यंत कोणी रडायचं नाही.

दुसरी मोजायची ती ऊब. या प्राण्याला अन्न पचवायला खालून-वरून ऊब लागते. पेटीच्या एका बाजूची जमीन ३१-३२ अंश, दुसरी बाजू २५ च्या आत, म्हणजे तो हवं तिथं जाऊन बसतो. थंडीत पोटात गेलेला किडा पचत नाही, कुजतो. त्यामुळे गार पडलेली पाल खात नाही, हा तिचा शहाणपणा. आता पेटीवरच्या यंत्राचा आकडा सांगत होता ९० फॅरनहाइट, म्हणजे ३२. सगळं ठीक. पण मी सरकारी नोकरीत होतो, कागदावरच्या आकड्यावर माझा विश्वास नाही. (हशा) करोनात कपाळावर धरायचे तसलं तापमापकाचं पिस्तूल आणलं आणि पालीच्या पोटाखालची जमीन मोजली. २४! झालं होतं असं की नाताळात नातीनं पेटी सजवायला तळाशी नारळाच्या काथ्याचा चार बोटं जाड थर घातला. गरम चटई काचेखाली, यंत्राची तापमान मोजणारी तार काचेला चिकटवलेली. काच ३२ वर, आणि वर राहणारा भाडेकरू गारठलेला.

थर काढला. जमीन ३२ झाली. आता खाईल म्हणून सगळे पेटीभोवती बसलो. नाही खाल्लं.

समोरून कोणीतरी चिठ्ठी पाठवलीय, वाचतो. ‘मराठवाड्यात जनावरांना चारा नाही आणि आपण अमेरिकेतल्या पालीचं कौतुक सांगताय.’ बरोबर आहे. मीही छावण्यांवर काम केलंय, चाऱ्याच्या पेंढ्या मोजल्यात, आणि कागदावर पाच किलो आणि गव्हाणीत तीन हे बघितलंय. म्हणून तर मोजा म्हणतोय. माझा विषय बदललेला नाही, जनावर लहान झालंय एवढंच. (टाळ्या)

कुठं होतो? हां. नाही खाल्लं. मग तिथल्या, सरपटणारे प्राणी बघणाऱ्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. फी ऐकून मी खाली बसलो. विष्ठा तपासली, कृमी नाहीत, परजीवी दिसले नाहीत. तोंड स्वच्छ, बोटांवर कात अडकलेली नाही. त्यांनी माझी वही दहा मिनिटं वाचली. ६८, ६७, ६७, ६६. म्हणाल्या, पूर्ण वाढलेला नर आहे, हिवाळा संपतोय, माजावर आला असेल. या दिवसांत नर आठवडेच्या आठवडे खात नाहीत. मला हसू आलं. ज्या डोंगरातून त्याचे पूर्वज आले, तिथं हिवाळाभर ते दगडाखाली पडून असत, शेपटातली चरबी खात. चिवड्यानं जर्सीत बसून मिठाच्या डोंगरातलं पंचांग पाळलं होतं. आपल्याकडे निर्जळी करणाऱ्या आजीला कोणी नळ्यानं पाजत नाही. (हशा)

फेब्रुवारीभर मी रविवारी तोलत राहिलो. ६५, ६४, ६४. शेपूट जाडच. आमच्या मंडळींचा चिमटा मी लपवला होता. ६३ वर येऊन काटा थांबला. मार्चच्या मध्यावर, दहाव्या रविवारी, तोलून पेटीत ठेवला तर समोरच्या झुरळाकडे त्यानं मान तिरकी केली, शेपटाचं टोक थरथरवलं, आणि... काय झालं? सगळे वर काय बघताय?

अहो, ही पाल! पडद्यावर, ट्यूबलाइटजवळ. दिवसभर तापलेली भिंत, दिव्यावर पाखरं. आत्ता माझ्यादेखत दोन खाल्ली हिनं. तुम्ही अर्धा तास तिलाच बघत होतात होय? मला वाटलं मी चांगला बोलतोय. (प्रचंड हशा)

कार्यवाह उभे राहिले. पाच मिनिटं? तीन. बरं, मग भराभर. ज्यांच्या नातवंडांकडे बिबट्या पाल असेल त्यांनी ऐका. लाल रेघ ओलांडली, की डॉक्टर. वजन न घटताही शेपूट काडीसारखं होऊ लागलं, खाल्लेलं उलटून पडलं, पातळ घाण वासाची विष्ठा झाली, डोळे आत गेले, तर रेघेची वाट बघू नका. क्रिप्टोस्पोरिडियम नावाचा एक परजीवी आहे, तो झिजवून मारतो आणि त्यावर खात्रीचं औषध नाही, म्हणून नवी पाल जुन्याजवळ लगेच ठेवायची नाही. मादी असेल आणि पोट फुगलेलं, खड्डा उकरून थकत असेल, तर अंडं अडकलेलं असू शकतं. पिल्लांना माझा नियम लावू नका, त्यांच्या शेपटात साठा नसतो. वाळू नको, पोटात बसते. किड्यांवर कॅल्शियमची पूड. पाणी रोज ताजं. आणि अंड्यांना मिळालेल्या उबेवर नर की मादी ठरतं, २६ अंशाला जवळपास सगळ्या माद्या, साडेबत्तीसच्या आसपास नर जास्त, त्याहून वर पुन्हा माद्या. यावर मला खरं तर अर्धा तास बोलायचं होतं, घंटा वाजली, पुढच्या वर्षी बोलवा.

एक शेवटचं. आज रविवार. सकाळी नातीचा निरोप आला, फोनमध्येच आहे, वाचतो. ‘आबा, चिवडा ७० ग्रॅम. पण आजीला ७५ सांग.’

ते आता सांगून उपयोग नाही, आजी पहिल्याच रांगेत आहे.